मिलिमीटरकाकांची गाडी

लिफ्ट दुरुस्त करण्यात काकांची उभी हयात गेली. भिंतीला खिळा ठोकायचा तरी आधी पट्टी आणि पेन्सिल काढणारा माणूस, म्हणून गल्लीत त्यांना सगळे मिलिमीटर म्हणत. आमच्याकडे मीठसुद्धा मोजून पडतं, असं काकू म्हणायच्या.

निवृत्त झाल्यावर काकांनी सामान वाहणारी एक जुनी व्हॅन घेतली आणि तिचं घर केलं. आत पलंग, छोटी शेगडी, दोन्ही बाजूंना खिडक्या. काही वर्षं दोघं मनसोक्त हिंडले. गाडी अंगणात असली की घरातल्या प्लगमधून केबल ओढून आतले दिवे चालायचे. केबलचं रीळ पूर्ण उलगडल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हे काकांनी काकूंकडून आणि मुलाकडून अक्षरशः घोकून घेतलं होतं. गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते, मग वितळते.

एका पावसाळ्यात पलंगावरच्या खिडकीतून पाणी झिरपायला लागलं. रबर झिजलंय, म्हणत काकांनी दिवसभर खपून जुनं रबर उचकटलं, चौकट घासली आणि संध्याकाळी हात धुऊन काम झाल्याचं सांगितलं. पुढच्या पावसात गादी चिंब. काकू बघायला गेल्या, तर काचेभोवती रबरच नाही. नव्या रबराचं भेंडोळं सीटवर न उघडता पडलेलं. काका रागावले, कोणीतरी काढून नेलं म्हणाले. खिडकीचं रबर कोण चोरणार, म्हणून काकू हसल्या खऱ्या. पण ते भेंडोळं त्यांनी परत परत हातात घेऊन पाहिलं.

मग पलंगाची ओली फळी सुकवायला काकांनी गाडीत हीटर लावला. जळका वास आला तशा काकू धावल्या. रीळ घट्ट गुंडाळलेलं, केबल मऊ पडलेली. त्यांनी आधी मेन स्विच पाडला. काका शेजारीच उभे होते.

"हे उलगडायचं असतं का गं?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्याच दिवशी काकू त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि तो मागे फिरणार नाही, हेही सांगितलं. मुलाने चावी काढून घेतली. गाडी विकून टाकू म्हणाला.

"विकलीस तर दिवसभर ते कुठे बसतील, तेवढं मला सांग," काकू म्हणाल्या. मुलाने विकायचा विषय सोडला.

खिडकी मग काकूंनीच हातात घेतली. पहिल्यांदा रबर नेमकं मापात कापलं, तर ते आखडलं आणि कोपऱ्यात फट पडली. दुसऱ्यांदा थोडं लांब ठेवलं, साबणाच्या पाण्यात बुडवून बोटांनी दाबत बसवलं, सांधा वरच्या बाजूला घेतला. नखं मोडली. काका पुढच्या सीटवर बसून होते. काम संपल्यावर ते उठून आले आणि काचेच्या कडेने अंगठा फिरवला.

"कोणी बसवलं?"

"मी."

"या कोपऱ्यात जरा ओढलंय." त्यांनी परत अंगठा दाबून पाहिला. "पण पाणी येणार नाही."

काकूंनी तोंड फिरवलं आणि सांडलेलं साबणाचं पाणी पुसत राहिल्या. काकांच्या तोंडून धंद्यातलं शहाणं बोलणं त्यांनी ऐकलं, ते शेवटचंच.

थंडी आली तसा काकांना गाडीच्या पायरीचा अंदाज येईना. दोनदा पडले. मुलाने गिऱ्हाईक आणलं, आणि या खेपेला काकूंनी मोडता घातला नाही. एक तरुण जोडपं होतं. काकूंनी त्यांना सगळं उघडून दाखवलं. कुठली खिडकी गळत होती, तेही लपवलं नाही.

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत काका खुर्चीतून बघत होते.

"पाहुणे गेले वाटतं," ते म्हणाले.

"गेले," म्हणून काकू चहा टाकायला आत गेल्या.