काही खेळता का?

नागापूरच्या कंपन्यांजवळ एका दवाखान्यात नंबर पुकारायचं आणि झाडलोट करायचं माझं काम. केर रोज निघतो, ऐकलेलं मात्र साठतच जातं. झोप नाही, छातीत धडधड अशी तक्रार आली की आमच्या डॉक्टर मॅडम नाडी धरूनच विचारतात, "काही खेळता का?"

*

पाथर्डीकडचे एक आजोबा भडकले. "ह्या गुडघ्यांनी काय खेळू?"

"पत्ते हो, आजोबा."

"आसं व्हय! ते तर बसून अस्तंय." ऊसतोडीच्या टोळीतल्या म्हाताऱ्यांबरोबर ते बिड्या लावून खेळायचे. मॅडमनी छाती तपासली. "पत्ते राहू द्या, बिड्या सोडा."

*

एका व्यापारी शेठजींच्या घरी दिवाळीला लक्ष्मीपुढे सगळं घर तीन पत्ती खेळतं. मॅडमनी विचारलं, "आणि पाडव्यानंतर?"

"पाडव्याला पत्ते माळ्यावर!"

शेजारून शेठाणी हळूच म्हणाल्या, "त्यांचे माळ्यावर. माझे मैत्रिणींकडे चालू असतात."

"यांना माहीत आहे?"

शेठजी म्हणाले, "आत्ता झालं."

त्या दिवशी बीपी शेठजींचं वाढलं, पण मॅडमनी पुन्हा बोलावलं शेठाणींना.

*

मी विचारलं, तुम्हाला कोण नादी लागलाय ते कळतं कसं? मॅडम म्हणाल्या, "खेळ गावागणिक वेगळा. मी दोनच गोष्टी बघते. हरलेलं भरून काढायला परत बसतो का, आणि घरी खोटं सांगतो का."

*

कंपनीतला एक बिहारी ऑपरेटर म्हणाला, त्यांच्याकडे दिवाळीला जो खेळत नाही तो पुढच्या जन्मी छछुंदर, म्हणजे चिचुंद्री होतो.

"मग आता तर दिवाळी नाही," मॅडम म्हणाल्या.

त्याने मोबाईलकडे बघितलं. "इसमें रोज दिवाली है, मॅडम."

बाळाला बघायला गावी जायच्या तिकिटाचे पैसेही त्यातच गेले होते. बाळ त्याने अजून व्हिडिओवरच बघितलंय.

*

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचे हेही मोबाईलवर रमी खेळतात. मी चहा घेऊन गेले की फोन पालथा. "कंपनीचा मेसेज हाय." मी सातवी शिकलेली, पण एवढं कळतं. कंपनी रविवारीसुद्धा मेसेज पाठवते, पगारवाढीचा तेवढा विसरते!

मॅडमच्या दोन्ही गोष्टी मी घरी विचारल्या. हे हसले. "डॉक्टरीण झाली व्हय गं? टाइमपास हाय."

*

मग आमच्या परीला ताप आला. तीन वर्षांची पोर. हेही आले होते. मॅडमनी तिला गोळ्यांचं रिकामं खोकं खेळायला दिलं आणि सहज यांच्याकडे वळल्या. "तुम्ही काही खेळता का?"

"थोडं, टाइमपास."

"घरी खोटं सांगावं लागतं?"

"कदीच न्हाई. हिलाच विचारा की."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. परीचं नाक पुसायला म्हणून मी वाकले. ती खोक्यावर अंगठा फिरवत बसली होती. मी जवळ येताच तिने खोकं झटकन मांडीवर पालथं घातलं.

"काई न्हाई आई, कंपनीचा मेसेज हाय."