सात सेंटीमीटरच्या शोधात: मुलुंड ते चारकोप

सकाळी साडेआठला मुलुंडहून निघाले तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली, मोजपट्टी, एक पंखा आणि चार घड्या घातलेलं जुनं पत्रक होतं. पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर मी एका रेडिएटरची बाह्यरेषा गिरवली होती. रेडिएटर मोटारीत असतो तसाच, फक्त हा कॉम्प्युटरचा. गरम भागांवरून पाणी फिरतं, त्यात येऊन निवतं आणि परत जातं. परदेशी गेलेल्या एका मित्राने पंप, नळ्या, रेडिएटर, पंखे असं सगळं माझ्या हवाली केलं होतं. ते ज्यात मावेल ती पेटी तेवढी राहिली होती. बाजारात तिला कॅबिनेट म्हणतात.

ही हौस नव्हे. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अश्विनी राहते. तिला दिसत नाही, आणि ती बारावीला आहे. तिचं राज्यशास्त्राचं पुस्तक मी मोठ्याने वाचून रेकॉर्ड करते. हे काम खरं तर माझं नाही, ज्यांनी पुस्तक छापलं त्यांचं आहे. पण परीक्षा कोणाची जबाबदारी ठरेपर्यंत थांबत नाही. माझं मशीन पोटापाण्यासाठी दिवसरात्र चालतं, न बांधलेल्या इमारतींच्या चित्रफिती बनवतं आणि तापलं की किंचाळतं. घर एका खोलीचं. अश्विनी गेल्या आठवड्यात म्हणाली, "ताई, तुझ्या प्रत्येक धड्यात एक विमान उभं असतं. अर्ध्या तासात डोकं उठतं. मी ऐकणं बंद केलंय." तीन धडे बाकी होते आणि परीक्षेला महिना.

मशीन गप्प करणारं कॅबिनेट आज आणायचंच, असं ठरवून मी बसमध्ये चढले. दुसरंही एक ठरवलं होतं: काच नको, रंगीत दिव्यांची आरास नको. वस्तूने काम करावं, मिरवू नये.

घाटकोपरला उतरले तेव्हा फाफड्याच्या दुकानासमोर रांग होती. मी एक पुडी घेतली, सोबत पपईचा संभारो (किसून परतलेली कच्ची पपई). उभ्याने खाल्लं आणि शेजारच्या गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरले. साठीचे गुजराती मालक, डोळ्यांवर चष्मा आणि कपाळावर दुसरा. मी पत्रक उलगडलं, एका काळ्या पत्र्याच्या कॅबिनेटच्या छताला आतून लावलं. लांबी बरोबर, रुंदी बरोबर.

"हेच द्या," मी म्हणाले.

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "बेन, कागद बसला. पंखे कुठे बसवणार, गच्चीवर?"

मला कळलं नाही.

"रेडिएटर किती जाडा? त्याला खालून पंखे लागणार. याच्या छताखाली पाच सेंटीमीटर जागा, त्याच्यापुढे मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी) आला. तुमचा कागद किती जाडा आहे?"

मी लहानपणापासून पत्रकांत वाढले. बाबांचा छोटा छापखाना होता. संपाची, सभांची, पाणीप्रश्नाची पत्रकं वाळत घातलेल्या दोऱ्यांखाली मी अभ्यास केला. मला सवय लांबी-रुंदीची. पत्रकाला जाडी नसते, म्हणून जगालाही नसावी असं मी धरून चालले होते. बाबांना फोन लावला.

"बाबा, रेडिएटरची जाडी मोजा ना."

"आता? तू तर काल तासभर मोजत बसली होतीस!"

"मोजा हो!"

"साडेचार. पट्टी सरळ धरलीय, परत विचारू नकोस."

पंखा माझ्या पिशवीतच होता, अडीचचा. म्हणजे सात. मालकांनी दुकानातलं एकेक कॅबिनेट स्वतः उघडून मोजलं आणि एकेक परत ठेवलं. हातात आलेलं गिऱ्हाईक त्यांनी सात सेंटीमीटरसाठी सोडून दिलं. मी व्यापाऱ्यांबद्दल बरंच काही लिहिलं आहे. या माणसाबद्दल हे लिहिणं भाग आहे.

घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी. मुलुंडच्या माणसाला पश्चिम उपनगरं जवळजवळ परमुलूखच. मेट्रो छपरांच्या उंचीवरून जाते, आणि छपरांवर मुंबईचा दुसरा संसार दिसतो: निळी ताडपत्री, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या मिरच्या, एका गच्चीत व्यायाम करणारे आजोबा. मला वाटतं, शहराच्या कारभाऱ्यांना महिन्यातून एकदा सक्तीने इथून फिरवावं.

अंधेरीच्या लिंक रोडवरचं शोरूम म्हणजे मी ज्याच्या विरोधात होते ते सगळं एका छताखाली. फ्रिजएवढी काचेची कॅबिनेट, आत जांभळे-हिरवे दिवे, वर धडधडणारं गाणं. सना नावाची माझ्याच वयाची मुलगी पुढे आली. "बोल, काय बघतेस?"

"सात सेंटीमीटर. आणि शांतता."

ती हसली. "इथे शांतता? वाट लागली." पण तिने गाणं बंद केलं, सगळ्यात मोठ्या कॅबिनेटपाशी नेलं आणि आतलं मशीन पूर्ण ताकदीनिशी चालू केलं. जागा दहा सेंटीमीटर होती. पाच मिनिटं आम्ही कान देऊन उभ्या राहिलो. मग हळूहळू घरघर सुरू झाली.

"एवढं पाणी फिरतंय, तरी आवाज?" मी विचारलं.

"थांब." सनाने समोरची काच दोन्ही हातांनी ओढून काढली. घरघर उतरत उतरत बसली. "काचेमुळे हवा आत येत नाही. पंखे बिचारे जीव तोडून फिरतात. पुढे जाळी हवी यार, साधी जाळी."

"मग काच लावता कशाला?"

"लोकांना दिवे बघायचे असतात. मी विकते, डिझाईन मी करते का?" मग दाराकडे नजर टाकून म्हणाली, "चारकोपला जा. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तुळसकर म्हणून आहेत. विजेचे पॅनल बॉक्स बनवतात, कधी कधी कॅबिनेटपण. बोलायला तिखट आहेत. पण तूही काही कमी नाहीस."

मी तिला मिठीच मारणार होते, पण तिने आधीच गाणं परत लावलं होतं.

पुन्हा मेट्रो, मग रिक्षा. चारकोपची सेक्टरांची वस्ती नीटनेटकी: बैठ्या घरांवर चढवलेले मजले, दारात तुळस आणि स्कूटर. ती संपते तिथे इस्टेट सुरू होते, आणि पत्रा कापल्याचा कडवट वास येतो. तुळसकरकाका जमिनीवर फतकल मारून जेवत होते. भिंतीला विजेच्या बटणांचे राखाडी डबे रचलेले. मी दारातूनच सांगायला सुरुवात केली: काचेची लूट, दिव्यांचा भपका, सामान्य माणसाला लागणारी वस्तू बाजारात मिळतच नाही...

"गो बाय," ते म्हणाले, "भाषण मागीर (नंतर). जेवलंस?"

नाही म्हणेपर्यंत झाकणात दोन घावणे (तांदळाच्या पिठाचे जाळीदार डोसे) आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं पुढे आलं. मी भाषण गुंडाळून खाल्लं. तिखट, खोबऱ्याने दाट, आणि घावण मऊ. त्या जेवणाची बरोबरी करणारं त्या दिवशी काही भेटलं नाही.

"आता सांग. मशीन कोणाक होया (कोणाला हवंय)?"

मी अश्विनीचं सांगितलं. ते हात धुऊन उठले आणि कोपऱ्यातून राखाडी रंगाचं एक रिकामं कॅबिनेट काढलं. नमुना म्हणून बनवलेलं, पुढे सबंध जाळी. मला वाटलं, झालं. पण काकांनी पुठ्ठा घेतला, कात्री घेतली, आणि माझ्या मापाने रेडिएटर बनवला. मग पुठ्ठ्याचे तीन पंखे, पुठ्ठ्याचा पंप, नळीच्या जागी दोरी. त्या कारखान्यात आधी सगळं पुठ्ठ्यात उभं राहतं, मग पत्र्याला हात लागतो.

"पुठ्ठो चुकलो तर कचरो. पत्रो चुकलो तर भंगार," ते म्हणाले.

पुठ्ठ्याचा रेडिएटर छताला बसला, पण दोरी वळताना मदरबोर्डच्या जागेवर आली. मी चरफडले. काकांनी तो काढून पुढच्या जाळीमागे उभा केला. दोरी सैल, मोकळी वळली. पत्र्यावर त्यांनी बोटाने टकटक केली. पत्रा ढोलकीसारखा घुमला. "पंप थेट हेच्यार (याच्यावर) ठेवलंस तर रात्रंदिवस भजन ऐकशीत." त्यांनी पंपाखाली जाड रबराच्या चकत्या लावल्या. रेडिएटर धरायच्या पट्ट्या कापल्या. मग खडूने बाजूच्या पत्र्यावर तळहाताएवढा चौकोन आखला.

"हे काय?"

"खिडकी. हंय (इथे) पारदर्शक प्लास्टिक लावतंय."

"नको! मला शोभा नको म्हणून तर अंधेरीहून इथवर आले."

"शोभा कसली गो? पाणी आणि वीज एका डब्यात घालतंस. गळला तर तुका कळताला कसा? पत्र्याक विचारतलंस?"

बाजारावरचा माझा राग खरा होता, पण त्या रागात मी काचेचं कामच विसरले होते. "कापा," मी म्हणाले. काकांनी विजयाचा आनंद लपवण्याचा जराही प्रयत्न केला नाही.

दोन तास लागले. शेवटी कानशीने प्रत्येक कड घासून ते म्हणाले, "आतून हात फिरव. खंयपण (कुठेही) लागला तर सांग. तुझी कातडी कापली तर भरात (भरून येईल). नळी कापली तर?" मी डोळे मिटून हात फिरवला. एकाच कोपऱ्यात खरखर जाणवली. त्यांनी ती घासली आणि पुन्हा हात फिरवायला लावला.

बोरिवलीहून मुलुंडच्या बसमध्ये कॅबिनेट मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "ताई, कपाट कुठे निघालं?" खिडकीतून राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसत होते. आमच्या घरून सूर्य त्यांच्यामागे मावळतो. चारकोपच्या लोकांचा त्यांच्यामागून उगवतो. एवढ्या वर्षांत हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

पुढचा दिवस जोडणीत गेला. नळ्यांच्या जोडांखाली टिश्यू पेपर पसरून आम्ही फक्त पंप चोवीस तास चालवला. बाबा खिडकीपाशी खुर्ची टाकून पहारा देत होते. एक जोड ओलसर झाला, तो घट्ट केला. मग मशीन पूर्ण ताकदीने चालवलं आणि मी उरलेल्या तीन धड्यांतला पहिला वाचला.

अश्विनी खाली आली, कानाला हेडफोन लावून पलंगावर बसली. पंधरा मिनिटं. अर्धा तास. तिने हेडफोन काढला नाही. मी नखं कुरतडत होते. धडा संपला.

"डोकं?" मी विचारलं.

"काही नाही झालं. आवाज एकदम झकास. पान उलटतेस तेपण ऐकू येतं." ती जरा घुटमळली. "ताई, पण आता एक गोष्ट कळली. तू वाचतेस ना, ते सभेत बोलल्यासारखं वाचतेस. 'नोकरशाही' आली की दात खातेस. मला त्यातलं उत्तर लिहायचंय गं, मोर्चा नाही काढायचा."

बाबा एवढे हसले की खुर्ची सरकली. मी एका दिवसात चार उपनगरं ओलांडली, तीन अनोळखी माणसांनी मला माझी चूक तोंडावर दाखवली, आणि तिघांचंही बरोबर होतं. चौथी माझ्याच इमारतीत राहत होती. मी पुस्तक उघडलं, तोच धडा पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला. या वेळी हळू, साध्या आवाजात.