पासवर्ड कुणाला दिला होतास का?

टायपिंगच्या क्लासात मी आणि माझी मैत्रीण शेजारी बसायचो. पुढं सांगलीत मिळून डीटीपीचं दुकान काढलं. नव्वदीचं दशक होतं, गावात कॉम्प्युटर मोजकेच. ती माधवनगरहून सायकलवर यायची.

मशीनला पासवर्ड तिनंच घातला आणि मला बजावलं, “तुझ्यामाझ्याशिवाय कुणालाही सांगायचा नाही हं.” बाहेरून आलेली फ्लॉपी ती आधी व्हायरससाठी तपासायची. गिऱ्हाईक ताटकळलं तरी तपासायचीच. मला तिच्या काटेकोरपणाचं हसू यायचं.

त्या उन्हाळ्यात एक आबा यायला लागले. कोरेगावकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. डोळ्यांच्या उपचारासाठी सांगलीत लेकीकडं राहिले होते. त्यांना बायकोबद्दल लिहून ठेवायचं होतं, नातवंडांसाठी.

“लिवाया दिसत न्हाई पोरी, पर आठवतंय समदं,” ते म्हणाले. ते सांगायचे आणि ती थेट टाइप करायची. कागदावर काहीच नव्हतं.

“मालकीण गेली तवा मी बर्फात हुतो. तिचं त्वांडबी बघाया मिळालं न्हाई,” एवढं सांगून ते थांबले, तेव्हा तिचीही बोटं थांबली होती.

ऐंशीएक पानं झाली. “आबांचं दोन फ्लॉप्यांवर उतरवून घेऊ. एक मी घरी ठेवते,” ती म्हणाली. कोऱ्या फ्लॉप्या आणायचं काम माझं होतं. पत्रिकांच्या गडबडीत मी म्हणत राहिले, “लग्नसराई संपू दे गं. दुकान कुठं पळून चाललंय?”

मग एका रविवारी माझ्या नवऱ्याला पत्त्यांचा गेम खेळून बघायचा होता. मित्राकडून फ्लॉपी आणली होती. मी किल्ली दिली, पासवर्डही सांगितला.

सोमवारी मशीन सुरूच होईना. कोल्हापूरहून मेकॅनिक आला, दिवसभर खपला. “व्हायरस आहे मॅडम. डिस्कवर काही उरलं नाही. बाहेरची फ्लॉपी कुणी घातली होती का?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. “पासवर्ड कुणाला दिला होतास का?”

“नाही,” मी म्हणाले. नवऱ्याचं नाव घ्यायची लाज वाटली. एवढ्यावरही भागलं नाही. मी पुढं म्हणाले, “शनिवारी शेवटी तूच बसली होतीस.”

आबा आले तेव्हा तिनंच त्यांना सगळं सांगितलं. “आसू दे पोरी, परत सांगतो की,” म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जाताना तिनं आपली किल्ली टेबलावर ठेवली.

मशीन दुरुस्त झाल्यावर आबांसमोर मी बसले. दोन वाक्यं सांगून ते थांबले. “तिला ठावं हाय सगळं. तिलाच बोलवा.”

दुसऱ्या दिवशी मी माधवनगरला गेले. दारातच उभी राहून खरं सांगितलं, रडले. तिनं ऐकून घेतलं.

“मला त्याच दिवशी कळलं होतं गं. तू आपणहून सांगशील म्हणून वाट बघत होते.”

“चल ना परत.”

“दुकानात नाही येणार. आबांच्या घरी जाईन.”

ती वही घेऊन त्यांच्या लेकीकडं जायची. पण आबांचं मन आता एकाच जागी अडकलं होतं. ते रोज लग्नाच्या दिवसापासून सुरू करायचे, वरात दारात पोचेपर्यंत सांगायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीच्या आधी ते गेले. वहीत चौदा पानं आहेत, असं त्यांच्या लेकीनं मला सांगितलं.

पुढं मी रोज संध्याकाळी दोन-दोन फ्लॉप्या भरायला लागले. दुकान चाललं, पण शेजारच्या खुर्चीवर मी कुणाला बसवलं नाही.

काही वर्षांनी ती साताऱ्याच्या एसटी स्टँडवर भेटली. लग्न होऊन मेढ्याला गेली होती. माझ्या मुलांची चौकशी केली, हसलीसुद्धा. मी आबांचं नाव काढणार तेवढ्यात मेढ्याची गाडी लागली. ती चढली. मी खिडकीपाशी धावले, पण तिनं पलीकडच्या बाजूची जागा धरली होती.