खोबरेल लावलेली गाडी

दहा-बारा किलोमीटर झाले आणि इंजिन नीट तापलं, की टाकीच्या खालून खोबरेलाचा वास येतो. पेट्रोलचा नाही, जळक्या ऑइलचा नाही. घाण्यावरून नुकत्याच काढून आणलेल्या खोबरेलाचा तो स्निग्ध, गोडसर, घरगुती वास. वास्तविक आता तो यायचं काही कारण नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन दोन पावसाळे उलटले. त्यानंतर गाडी कितीदा तरी धुतली, पनवेलला नेऊन तिचं सर्व्हिसिंग केलं. तरी कुठल्या तरी बोल्टाच्या खाचेत, कुठल्याशा सांध्यात थेंबभर तेल अजून उरलं असावं. हेल्मेटची काच जराशी वर करून मी तो वास घेतो, आणि उरलेल्या रस्त्यावर माझं मन लागत नाही.

ही गाडी मी चाळिशी ओलांडल्यावर घेतली. श्रीवर्धनच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या आणि दिवेआगरच्या सुपारीच्या वाडीत राहणाऱ्या गृहस्थाने साडेसहाशे सीसीची, चार सिलिंडरची, दोनशे किलो वजनाची शर्यतीची गाडी दारात आणून उभी करावी, हे गावाच्या पचनी पडणं कठीणच होतं. मास्तरांना म्हातारचळ लागला, असं पारावर बोललं जायचं. खरं सांगायचं तर गावाचं फारसं चुकतही नव्हतं. या गाडीला सहा गिअर; त्यातला सहावा मी आजवर किती वेळा टाकला, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगेत अडकलो की इंजिनाची धग मांड्या भाजून काढते. पुढे ओणवं बसून मनगटं भरून येतात, गतिरोधकावर तिचं पोट खरवडतं, आणि एखादा भाग मोडला तर तो यायला महिना लागतो. वाडीतल्या भुसभुशीत मातीत तर तिचं स्टँड असं रुतायचं की सकाळी उठून ती उभी दिसली म्हणजे मी निःश्वास सोडायचो. दारात हत्ती बांधावा आणि अंगण बोळाएवढं असावं, तशी माझी गत होती.

पण शेखाडीचा रस्ता तुम्ही कधी सकाळी सातला पाहिला आहे का? उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर आणि मधून वळणं घेत जाणारा तो निर्मनुष्य, ओलसर, काळाभोर पट्टा. तिथे ॲक्सिलरेटरची मूठ पिळली की क्षितिज थोडं कलतं, पुन्हा सरळ होतं, आणि वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभं राहून आंबलेलं शरीर एकाएकी हलकं होतं. त्या पंधरा मिनिटांत मी कुणाचा मास्तर नसतो, कुणाचा नवरा नसतो, कुणाचा मुलगाही नसतो. एकेकाळी हे मी मोठ्या अभिमानाने सांगत असे. आज त्यातला शेवटचा भाग लिहिताना हात अडखळतो.

अण्णा संथ गोष्टींचे माणूस होते. वादळात आमची वाडी आडवी झाली तेव्हा सत्तरी उलटलेल्या या गृहस्थाने आठवडाभर पडलेली झाडं तोडली आणि मग सुपारीची नवी रोपं लावायला घेतली. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. अशा माणसाला ताशी दीडशेच्या पुढे काटा जाणाऱ्या गाडीचं काय कौतुक असणार? ती आली त्या दिवशी त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, मागची सीट बोटाने चाचपली आणि म्हणाले, "येवढी थोरली गाडी, न् मागं जागा येवढीशीच? न्हान पोर तरी मावंल का?" दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडखाली जांभ्या चिऱ्याचा एक सपाट तुकडा ठेवलेला होता. त्यानंतर स्टँड कधी रुतलं नाही.

समुद्राकाठी लोखंडाला आयुष्य नसतं. खारा वारा दारं-खिडक्या बंद केल्या तरी आत येतो आणि कड्या, कोयंडे, खिळे खात सुटतो. त्याच्याशी अण्णांचं जन्मभराचं वैर होतं. रोज पहाटे तेलाची वाटी आणि जुन्या धोतराचा बोळा घेऊन ते घरभर फिरत. कोयते, बिजागऱ्या, विहिरीवरचा रहाट, खिडक्यांचे गज, सगळ्यांना आपल्याच नारळांचं तेल. मी अंथरुणात असतानाच ही फेरी आटपलेली असे. तिच्यात माझी गाडी कधी सामील झाली, मला कळलंही नाही. बोल्ट चमकायचे, सायलेन्सर लखलखायचा, आणि मी आपला समजत होतो की गाडीची निगा राखावी ती आपणच.

या गाडीच्या पुढच्या चाकाला दोन मोठ्या पोलादी चकत्या आहेत. ब्रेक दाबला की त्या चकत्या चिमटीत धरल्या जातात आणि चाक थांबतं. आमच्या हवेत एका रात्रीत त्यांच्यावर नारिंगी गंजाची साय धरते. अण्णांना ती एके पहाटे दिसली असावी. इतकं राखूनही इथे गंज राहिलाच कसा, म्हणून त्यांनी त्या दोन्ही चकत्या मनापासून, चोळून चोळून, आतून-बाहेरून तेलाने माखल्या.

गावातून हळू निघताना मागचा ब्रेक पुरतो. शेखाडीच्या उतारावर समोरून एसटी आली, मी पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. ती नुसती घसरत राहिली. एसटी कशी चुकली ते मला सांगता येणार नाही; मी रस्त्याकडेच्या करवंदीच्या जाळीत पडलो होतो, गुडघा सोलवटला होता आणि गाडीचं एक अंग फुटलं होतं. गॅरेजवाल्याने चकतीवरून बोट फिरवलं, नाकाला लावलं आणि तो हसायला लागला. "मास्तर, ह्ये तं खोबरेल हाय. गाडीची चंपी कोनी केली?"

मी घरी आलो तेव्हा अण्णा अंगणात बसले होते आणि शेजारच्या चार बाया सुपारी सोलत होत्या. त्या सगळ्यांदेखत मी ओरडलो. कळत नाही त्यात हात कशाला घालता, म्हणालो. मारायचं होतं का मला, असंही म्हणालो. अण्णांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. "गंज चढत हुता," एवढंच ते बोलले आणि उठून आत गेले.

वास्तविक एक साधी गोष्ट मी त्यांना तेव्हा सांगू शकलो असतो. चकतीवरचा तो गंज पहिला ब्रेक दाबताच खरवडून निघून जातो. त्याला काहीच लावायचं नसतं. मुलांना एकच धडा पुन्हा पुन्हा समजावून सांगणं हाच ज्याचा व्यवसाय, त्याला आपल्या बापाला दोन वाक्यं सांगता येऊ नयेत, याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी तेलाची फेरी बंद केली. गाडीपुरती नव्हे, सगळीच. पंधरवड्यात मागचं दार कुरकुरायला लागलं, मग रहाट, मग एकेक खिडकी. बायको म्हणाली, "माझं चुकलं म्हणा त्यांना एकदा. जीभ झिजणार नाही तुमची." मी हो म्हणालो. आज बोलू, उद्या बोलू, सणाला बोलू. रोज समोरासमोर जेवत होतो, हवापाण्यावर, रोपांवर बोलत होतो, आणि ते दोन शब्द तेवढे टाळत होतो. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

मग एका सकाळी अण्णांना हयातीचा दाखला द्यायला श्रीवर्धनच्या बँकेत जायचं होतं आणि एसटी आलीच नाही. मी म्हणालो, माझ्याबरोबर चला. त्यांनी टोपी खिशात घातली, बायकोचं हेल्मेट डोक्यात चढवलं, जोत्यावरून पाय टाकून त्या वीतभर जागेवर ते बसले आणि त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. त्यांचे हात इतके हलके झाले असतील याची मला कल्पना नव्हती. प्रत्येक वळणाआधी ते हात घट्ट होत. शेखाडीचा उतार आला तेव्हा कानाशी येऊन त्यांनी विचारलं, "बिरेक लागतो ना रं आता?" मी हलकेच दाबून दाखवला. गाडी लगेच मंदावली. "मंग बरं हाय," ते म्हणाले. इतके महिने हा प्रश्न त्यांनी मनात बाळगला होता, हे मला त्या उतारावर समजलं, आणि माझे डोळे भरून आले.

उतार संपला, सरळ रस्ता लागला. मी वेग वाढवला. हेल्मेटची काच खाली होती, वारा घोंघावत होता, खाली चार सिलिंडर गर्जत होते, आणि तिथे मी म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी माझं चुकलं." ती जागा मी निवडली होती, हे कबूल करायला हवं. बोलल्याचं समाधान मिळावं आणि ऐकू मात्र जाऊ नये, अशी दुसरी जागा मला कुठे मिळणार होती?

त्यांनी माझ्या हेल्मेटवर टकटक केलं. "काय म्हनलास?"

"काही नाही," मी ओरडलो. "घट्ट धरून बसा."

पुढच्या आषाढात ते गेले. तो सरळ पट्टा रोज माझ्या वाटेत येतो. त्या दिवशी गाडी कडेला घेऊन, काच वर करून, मागे वळून तेच वाक्य पुन्हा म्हणायला कितीसा वेळ लागला असता? रस्ता मोकळा होता. शाळेला अवकाश होता. ब्रेक उत्तम लागत होते.