आपल्या पोरीचा दवाखाना

आता दवाखान्याची नवी इमारत झाली आहे, पण निवृत्त सिस्टरला घरी बसल्या बसल्या आठवतात त्या जुन्याच दोन खोल्या. आतल्या खोलीला तिनं स्वतःच्या हातानं चुना लावला होता. त्या आदिवासी वस्तीतून शिकून नर्स झालेली ती पहिलीच. बाळंतपणाची ती खोली तिनं हात धुऊन वरच्यांच्या मागे लागून मिळवली होती.

आणि खोलीत कुणी येईना. बाया घरीच बाळंत होत. वर्षअखेर खोलीला कुलूप लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती कारण शोधायला घरोघर फिरली. आपल्याच माणसांना विचारायचं, त्यात काय अवघड?

"छान आहे की दवाखाना," आत्या म्हणाली. "कसा चकचकीत."

"मग थोरल्या सुनेला का नाही आणलंस?"

"राहून गेलं बघ."

सगळ्या वस्तीचंच राहून गेलं होतं.

नदीपलीकडच्या वस्तीतली तिची मैत्रीणही नर्स. ती हसली. "अगं, घरच्या पोरीच्या तोंडावर तिच्या दवाखान्याला कोण नावं ठेवील? माझ्याकडेही तेच. तू माझ्या वस्तीत विचार, मी तुझ्या विचारते."

तसं ठरलं. मैत्रीण परतली ती आधी चहा मागत.

"बोलल्या का गं?"

"थांबेचनात. तुझी आत्या तर सुटलीच. म्हणाली, पोरगी गुणाची, पण कळा देणाऱ्या बाईला एकटीला कोंडते. आम्ही काय दाराबाहेर चपला राखायच्या?"

सिस्टरचा चेहरा पडला. आत नातेवाईक नकोत, हा नियम कुणी लादला नव्हता. तिचाच होता. मोठ्या इस्पितळात शिकून आली होती ना. दोन दिवस ती घुश्शातच होती. पण मैत्रिणीच्या वस्तीतल्या बायांनीही तिला हेच सांगितलं होतं. मग दोन्ही वस्त्यांतल्या बायांचं म्हणणं तिनं डॉक्टरांपुढे मांडलं. एक बाई आत राहू दे, हात धुऊन, स्वच्छ झगा घालून.

"गोंधळ झाला तर तुम्ही निस्तरायचा," डॉक्टर म्हणाले.

पहिली आली ती आत्याची धाकटी सून. आत्या झगा उलटा घालून उशाशी बसली, सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पोरीचे आवळलेले खांदे हळूहळू सैलावले. मग आत्यानं मान वर केली.

"ही खाट फार उंच आहे. आणि तो दिवा पोरीच्या डोळ्यांवर येतोय. कुणी लावलाय तिथं?"

"मीच, आत्या."

"मग हलव."

सिस्टरनं दिवा हलवला. इतकं बरं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.