खिशातला फ्यूज

आमच्या ह्यांच्या शर्टाच्या खिशाला मी कायम आतून दुहेरी कापड लावत आले. बाकीच्या बायकांच्या नवऱ्यांचे शर्ट कॉलरला विरतात, ह्यांचे खिशाला. हे वायरमन. कुणाच्याही घरी कामाला हात घालण्याआधी मेन फ्यूज उपसायचा आणि स्वतःच्या खिशात टाकायचा, ही ह्यांची रीत. चिनी मातीचा, मुठीत जेमतेम मावेल एवढा ठोकळा असतो तो. घरच्या बाईला दाखवायचे आणि म्हणायचे, "वहिनी, तुमच्या घरातली वीज आता माझ्या खिशात. मी दिल्याशिवाय कुणाला मिळायची नाही."

नुसता स्विच बंद करून भागत नाही, असं ह्यांचं म्हणणं. कुणीतरी दीडशहाणा येतो, दिवा का लागत नाही म्हणून खटका दाबतो, आणि माणूस जातो. ह्यांचा जोडीदार असाच गेला, ह्यांच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून फ्यूज खिशात. आणि एवढं करूनही तार धरण्याआधी तिला टेस्टर लावणारच. मी चिडवायची, "अहो, वीज खिशात आहे ना? मग आता कसली भीती?" तर म्हणायचे, "खिसा माझा आहे, तार माझी नाही."

गल्लीत सगळे ह्यांना फ्यूजकाका म्हणतात. एकदा दाढ ठणकत होती म्हणून काम संपवून तसेच घरी आले, आणि मागोमाग त्या घरचा माणूस धापा टाकत दारात. आख्ख्या घराची वीज हे खिशात घालून निघून आले होते! हसून हसून माझी पुरेवाट झाली होती.

आता असं काही झालं तर हसू येत नाही. हे विसरायला लागले. आधी चष्मा, किल्ल्या, ते कोण विसरत नाही? मग दूध घेऊन आले आणि पिशवी ठेवून परत दूध आणायला गेले. मग एका सकाळी ऊब यावी म्हणून कोळशाची शेगडी पेटवली आणि धूर जायची झडप लावून टाकली. खोलीभर धूर, आणि हे आत खुर्चीवर शांत बसलेले. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा माझं धाबंच दणाणलं. डॉक्टरांनी बाहेर बोलावून मला सांगितलं, "गेलेलं परत येणार नाही. आहे तेवढं जपा." जपा म्हणे! काय बरणीत घालून ठेवू?

आमची लेक बापाच्याच हाताखाली शिकली आणि आता वायरिंगची कामं घेते. ती म्हणाली, "आई, घरात आता विस्तव नको. हीट पंप बसवू." बाहेरच्या गार हवेतली ऊब ओढून घरात सोडणारं मशीन. मी म्हटलं, गार हवेतून ऊब काढायची म्हणजे चिक्कू माणसाकडून वर्गणी काढण्यासारखंच की! पण ती ऐकणारी नव्हे. बाबांना सांगायचं, आईच्या खोकल्यासाठी आहे. ठरलं.

पण आमच्या जुन्या बोर्डाला ते मशीन झेपणारं नव्हतं. आधी वीज कंपनीकडून लोड वाढवून घ्यायचा, मीटरपासून जाड केबल आणायची, अर्थिंग नवं करायचं, जुना फ्यूजचा बोर्ड काढून नवा लावायचा आणि त्यातून मशीनला स्वतंत्र लाईन द्यायची. हे ऐकताच ह्यांचे डोळे चमकले. "माझ्या घरातली तार दुसरं कोण ओढणार?"

त्यावरून स्वयंपाकघरात मायलेकींची जुंपली. लेक म्हणाली, "आई, त्यांना हात लावू द्यायचा नाही. काही झालं तर?"

मी म्हटलं, "आणि हातातली पक्कड काढून घेतलीस तर मागे उरेल काय त्यांचं? मी शेजारी बसते. पण काम ते करणार."

केबल ओढली, अर्थिंगचा खड्डा झाला. सगळं बिनबोभाट. खरं सांगते, हातात स्क्रू ड्रायव्हर आला की हा माणूस पहिल्यासारखा दिसायचा. मला वाटायला लागलं, डॉक्टरलाच काही कळत नाही.

बोर्ड बदलायच्या दिवशी ह्यांनी फ्यूज उपसला, माझ्यासमोर धरला आणि अगदी परक्या बाईला म्हणावं तसं म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरातली वीज आता माझ्या खिशात." मी म्हटलं, "इश्श, वहिनी काय!" दोघंही हसलो. थट्टा होती की नाही, ते मला अजून ठाऊक नाही.

लेक मागच्या भिंतीला मशीनजवळचा स्विच बसवत होती. मी टॉर्च धरून ह्यांच्याजवळ. अर्ध्या तारा सोडवून झाल्या आणि ह्यांनी पाणी मागितलं. मी आत गेले. माठातून पाणी काढतेय, तोच माझ्या पाठीमागे फ्रिज घुरघुरला.

फ्रिजची लाईन अजून जुन्याच बोर्डावर होती. म्हणजे वीज आली. पेला मी तिथेच ठेवला. हाक मारावी, तर दचकून उघड्या तारेला हात लागायचा. नाही मारावी, तर... मी अनवाणी, आवाज न करता धावले.

हे बोर्डासमोर उभे होते. टेस्टर तारेला लावलेला, आणि टेस्टरमधला दिवा लाल पेटलेला. फ्यूज आपल्या जागी नीट बसवलेला होता. ह्यांनी हात मागे घेतला आणि कडाडले, "कुणी बसवला फ्यूज? मेलो असतो मी! कुणी हात लावला?"

आवाज ऐकून लेक आत आली. तिने बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही, उभ्या जन्मात ह्यांच्या एकाही शब्दाला उलट उत्तर दिल्याशिवाय राहिले नाही. पण म्हटलं, "मी. मी बसवला. चुकलं माझं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात खिशाकडे गेला. आत बोटं घालून चाचपलं. खिसा रिकामा. खूप हळू म्हणाले, "तू कशाला खोटं बोलतेस? तुला तर फ्यूज उलटा की सुलटा ते कळत नाही." मग बोर्डाकडे बघून म्हणाले, "जागा रिकामी दिसली. वाटलं, कुणाच्या तरी घरी अंधार झालाय, म्हणून मला बोलावलंय."

लेक रडायला लागली. ह्यांनी तिला गप्प केलं. फ्यूज पुन्हा उपसला, टेस्टर तिच्या हातात दिला. मग माझी मूठ उघडली, फ्यूज तिच्यात ठेवला आणि बोटं मिटवली. "तुझ्याजवळ ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस."

उरलेलं काम लेकीने केलं. हे शेजारी टॉर्च धरून उभे. मध्येच मला विचारलं, "ते मशीन तुझ्या खोकल्यासाठी नाहीच ना?"

मी म्हटलं, "खोकलाही आहेच."

"असू दे. चांगलं केलंत," एवढंच म्हणाले.

आता घर उबदार असतं. नव्या बोर्डात फ्यूज नाहीत, नुसते खटके. तो जुना फ्यूज काही कामाचा नाही, टाकून दिला तरी चालेल. पण रोज संध्याकाळी हे शर्ट चढवतात, रिकामा खिसा चाचपतात आणि माझ्यासमोर येऊन उभे राहतात. मी कोण, ते कधी आठवतं, कधी नाही. म्हणतात, "वहिनी, तेवढा फ्यूज द्या. लोक अंधारात बसले असतील."

मी देत नाही.