मधल्या खांबाची दोरी

मला जुन्या घरांचं फार प्रेम आहे. हे प्रेम मी अमेरिकेत, शॉमबर्ग नावाच्या उपनगरातल्या टाउनहाउसमध्ये, हीटिंग चालू ठेवून, मोबाइलवर व्हिडिओ बघत करतो. त्यामुळे विस्कॉन्सिनच्या डोंगरात ह्मोंग या डोंगरी जमातीतल्या एका बाईंनी आपल्या लोकांच्या पद्धतीचं घर बांधलंय आणि त्यात पाहुणे ठेवतात, हे कळल्यावर मी तडक दोन रात्रींचं बुकिंग केलं. बायको म्हणाली, "बाथरूम कुठे आहे ते बघ आधी." मी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि मग गुपचूप बाथरूम कुठे आहे ते बघितलं.

घर खरंच देखणं होतं. उभ्या फळ्यांच्या भिंती, खाली उतरलेलं छप्पर, चोपलेली जमीन, कोपऱ्यात चूल आणि चुलीच्या वर, नियम म्हणून, स्मोक अलार्म. बाईंचे आईवडील तिकडच्या युद्धानंतर लाओसच्या डोंगरातून निर्वासित होऊन इकडे आलेले. असं घर बांधता येणारी माणसं एकेक करून चालली होती, म्हणून बाईंनी उरलेल्यांना विचारत विचारत हे उभं केलं. पाहुणे येत राहिले तरच ते टिकणार होतं. आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती त्यांची आई नेमकी पाहुण्यांमुळेच आत पाऊल टाकत नव्हती. अनोळखी लोक बॅगा ओढत येतात ते हॉटेल, असं म्हणून ती दर वेळी गाडीतच बसून राहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा येणार होती. या वेळी तरी तिनं उतरावं, अशी बाईंची फार इच्छा होती.

मग बाई घराच्या मधल्या खांबाबद्दल काहीतरी सांगू लागल्या. नेमकं तेव्हाच मी त्यांना कोकणातल्या घरांची माहिती द्यायला लागलो. माझा जन्म कोथरूडच्या फ्लॅटमधला. कोकणात मी गेलोय तो मासे खायला.

संध्याकाळी बायको आणि मी फिरायला गेलो आणि पावसात भिजलो. पण काळजी नव्हती. मी नायलॉनची दोरी घेतल्याशिवाय घरातून निघत नाही, माझे वडीलही निघत नसत.

"अरे, त्यांच्याकडे ड्रायर असेल यार, विचार ना," बायको म्हणाली.

"ड्रायरमध्ये बनियन आटतं."

दोरीचं एक टोक भिंतीतल्या खुंटीला आणि दुसरं त्या मधल्या खांबाला बांधलं. खांब मजबूत आहे, असा अभिप्रायही दिला.

सकाळी दार वाजलं. बाई होत्या, आणि त्यांच्यामागे त्यांची आई. कशीबशी मनधरणी करून बाईंनी तिला उंबऱ्यापर्यंत आणलं होतं. म्हातारीनं आत डोकावलं. समोर माझी दोन बनियनं आणि एक चट्ट्यापट्ट्यांची चड्डी.

ती तरातरा आत आली. दोरी सोडली, कपडे माझ्या हातात कोंबले, खांबावर तळहात ठेवून हळू आवाजात काही बोलली आणि मग माझ्याकडे वळून जी सुरू झाली! भाषा कळत नव्हती, अर्थ सगळा कळत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंचे डोळे भरून आलेले पाहून मी सॉरी, सॉरी म्हणत राहिलो.

"त्या खांबात घर राखणारी दैवतं असतात, त्याला काही टांगत नाहीत. पण त्यासाठी नाही मी रडत," बाई म्हणाल्या. "माझ्या घरात हे कुणी केलं, असं विचारतेय ती. माझ्या घरात. आजपर्यंत 'तुझं हॉटेल' म्हणायची."

म्हातारी तोवर चूल पेटवायला बसली होती. लगेच अलार्म कोकलायला लागला. तिनं त्यालाही झापलं.

थोड्या वेळानं बाईंनी मला बाजूला घेऊन, अवघडत विचारलं, "आज रात्रीचं तुमचं बुकिंग कॅन्सल केलं तर चालेल? आई राहते म्हणतेय."

मी ओली बनियनं गाडीच्या मागच्या सीटवर पसरली. बायकोनं गाडीचा हीटर चालू केला. आमच्या बॅगा बाहेर येत होत्या आणि बाई गाडीतून आईची उशी आत नेत होत्या.